जोडीतली दुसरी

१

जानेवारी संपला की आमच्या भागातला सशांच्या शिकारीचा मोसम संपतो, आणि रस्त्याच्या कडेला गाल्गो, म्हणजे सशामागे सोडायची शिकारी कुत्री, दिसायला लागतात. मी पावाची गाडी चालवते, त्यामुळे सगळ्यांत आधी मलाच दिसतात. पहाटे भट्टीवर पाव भरायचे, मग आसपासची गावं घ्यायची. प्रत्येक चौकात भोंगा वाजवला की बाया गाऊनवर कोट चढवून खाली येतात, पाव घेतात आणि रात्रीत कोण गेलं ते सांगतात. आणि दोन गावांच्या मधे, शेताच्या बांधाशी, एखादं गाल्गो उभं असतं. लांबच लांब पाय, निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं. ते गाडीकडे बघत असतं. आपल्याला उतरवून गेली ती गाडी हीच का, एवढंच त्याला बघायचं असतं.

गरज सरो, वैद्य मरो. ज्यांच्या जिवावर हे शिकारी हिवाळाभर बारमध्ये छाती काढून फिरतात, त्यांनाच उन्हाळाभर खायला घालायचं म्हटलं की यांच्या पोटात दुखतं. पुढच्या मोसमाला नवं पिल्लू मिळतंच. मी गाल्गोवाल्याची मुलगी आणि गाल्गोवाल्याची बहीण. या जमातीबद्दल मला कोणी काही शिकवू नये.

त्या फेब्रुवारीत मी ठरवलं, कडेला पाव टाकून पुढे जाणं पुरे झालं. शहराबाहेर बेगोन्या नावाची एक बाई टाकून दिलेली गाल्गो सांभाळते. पाव वाटून झाल्यावर मी तशीच रिकामी गाडी घेऊन तिच्याकडे गेले.

"पसंत करा," ती म्हणाली. "सध्या बाजार भरलाय. तुमच्याच गावांची कृपा."

"माझ्यावर कशाला डाफरतेस? मी न्यायला आलेय, टाकायला नाही."

"रागावू नका हो. दिवसभर कोणावर तरी ओरडावंसं वाटतं, आणि जे हवेत ते कधी इकडे फिरकत नाहीत."

हे मला पटलं. बाई आवडली मला.

थंडीमुळे सगळी कुत्री एकमेकांच्या अंगावर पडून होती. एकच काळी कुत्री भिंतीपासून थोडी दूर उभी होती. तिच्या डाव्या बाजूला एका कुत्र्याएवढी जागा मोकळी होती आणि एवढ्या गर्दीतही तिथे कोणी बसलं नव्हतं. तिच्या मानेवर बोटभर व्रण होता, वेडावाकडा भरलेला.

"कातडीखालची चिप काढलीय चाकूनं," बेगोन्या म्हणाली. "म्हणजे मालकाचं नावगाव गेलं. महामार्गावर सापडली. गाड्यांमागे धावत होती."

"खाते का?"

"अर्धं खाते, अर्धं ठेवते. घरात रुळली की खाईल सगळं."

मी तिला गाडीत घातलं. दार लावायला लागले तर ती मधेच उभी राहिली आणि बाहेर बघत बसली. थोड्या वेळानं आपणहून आत सरकली, पण पुन्हा एका कडेलाच. मग मी दार लावलं.

२

माझं घर म्हणजे आईवडिलांच्या घराचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात माझा धाकटा भाऊ फिदेन्सिओ राहतो. मधे एक भिंत आणि मागे दोघांचं मिळून एक अंगण. माझ्याकडे स्वयंपाकघर, बैठकीची खोली, वर झोपायची खोली आणि रस्त्याकडे लांबट देवडी. देवडीत मी पावाच्या टोपल्या ठेवते. तिथल्या तुळईला वडिलांच्या वेळचे लोखंडी आकडे आहेत. पूर्वी डुकराच्या तंगड्या टांगायचे, आता माझा रेनकोट असतो.

कुत्री गुणी निघाली. घाण केली नाही, भुंकली नाही. सोफ्यावर चढली, पण अर्ध्याच सोफ्यावर. ज्यांनी गाल्गो पाळलंय त्यांना विचारा, ती कशी हातपाय पसरून राजासारखी लोळतात. ही अंग चोरून एका टोकाला झोपायची. मी शेजारी बसायला गेले तर उठून उभी राहायची आणि मी हलेपर्यंत माझ्याकडे बघत राहायची. मी लाकडी खुर्ची ओढून बसायला लागले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाच्या सोफ्यासमोर.

कुठल्याही दारातून गेली की ती पलीकडे थांबायची, मागे वळून बघायची. कोणीतरी येऊन गाठेपर्यंत थांबावं तशी. मग पुढे निघायची. आणि बशीतलं बरोबर अर्धं ठेवायची. चमच्यानं रेघ ओढल्यासारखं. जास्त वाढलं तर त्याला तोंडही लावायची नाही. ते उरलेलं मी उचलायला गेले तर गुरगुरायची नाही, फक्त हातावर नाक ठेवायची. थंडगार नाक. मी तसंच ठेवून द्यायचे.

मग तो आवाज. आमच्याकडे दुपारी जेवणं झाली की गाव मेल्यासारखं होतं. झडपा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी पहाटेची उठलेली असते, त्यामुळे त्या वेळी माझा हमखास डोळा लागतो. एका दुपारी देवडीतून आवाज आला. फरशीवर नखं वाजावीत तसा, पण चालण्याचा नाही. टक टक, टकटकटकटक, मग काही नाही. मग पुन्हा, घाईघाईनं, एकाच जागी.

कुत्री माझ्या पायाशी होती. तिनं मान वर केली होती.

मी देवडीत गेले. दारावरच्या काचेतून ऊन आलं होतं, टोपल्या जागच्या जागी होत्या. उंदीर, मी स्वतःला म्हटलं. जिथे पाव तिथे उंदीर, यात नवल काय? मागे वळले तर कुत्री उंबऱ्यावर उभी राहून शेपटी हलवत होती. मला बघून नव्हे. तिची नजर माझ्या शेजारी होती, फरशीवर नाही, माझ्या छातीच्या उंचीवर. त्या उंचीवर काहीच नव्हतं. उंदीर तर नक्कीच नव्हता.

३

रविवारी फिदेन्सिओ माझ्याकडे जेवतो. बायको सोडून गेल्यापासूनची पद्धत आहे ही. तो अंगणातून आत आला, कुत्रीकडे बघितलं आणि हसला.

"ही कुठून आणलीस?"

"किराणा दुकानातून. सुटी मिळते."

"अगं, ही मोरा. माझीच आहे."

त्याची कुत्री गावाबाहेरच्या गोठ्यात असायची, मी ती लांबूनच बघितलेली, आणि काळी गाल्गो सगळी सारखीच दिसतात. मी मसुराची आमटी वाढत होते. पळी तशीच हातात राहिली.

"तुझी म्हणजे?"

"होती. पाय मंदावले, सोडून दिली. आधी बोलली असतीस तर मधल्या भिंतीवरून दिली असती. शहरापर्यंत पेट्रोल कशाला जाळलंस?"

"आणि मानेवर चाकू?"

"मग काय न्हाव्याकडे नेऊ? विसी, वाढ ना. गार होतंय."

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातेलं त्याच्या डोक्यावर ओतावं असं वाटलं, पण ते माझ्या आईचं पातेलं होतं. मी वाढलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पण मुंडी खाली घालून जेवताना अजून शाळकरी पोरासारखा दिसतो, आणि नेमका त्याचाच मला राग येतो.

मोरा त्याला घाबरली नाही. बाकीची गाल्गो जुन्या मालकाला बघून मुततात, जमिनीला चिकटतात. हिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती देवडीच्या दाराकडे तोंड करून बसली होती.

तेव्हा मला दुसरी आठवली. मोराबरोबर कायम असायची ती, अंगावर वाघासारखे पट्टे. गाल्गो सशामागे नेहमी जोडीनं सोडतात, आणि या दोघी पिल्लं होत्या तेव्हापासून एकाच दोरीला.

"तुर्का कुठाय रे?"

"दिली." तो पाव तोडत होता. "डोंगराकडच्या एका माणसाला दिली. चांगलं घर आहे."

"तुला चांगलं घर कधीपासून कळायला लागलं?"

तो काहीतरी झोंबणारं बोलणार होता. त्याचं तोंड उघडलंही होतं. देवडीत आवाज झाला. टकटकटक. थांबला. टकटक.

फिदेन्सिओचा हात आमटीवरच थांबला. मोरानं शेपटी हलवली.

"उंदीर झालेत तुझ्याकडे," तो म्हणाला.

"असतील."

त्यानं ताट अर्धवट टाकलं. या माणसानं बापाच्या मयताच्या जेवणालासुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतलं असतं. जाताना त्याला तंबाखू घ्यायची होती, म्हणजे देवडीतून रस्त्यावर जाणं जवळचं. तो अंगणातून, अख्ख्या घराला वळसा घालून गेला.

४

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भिंतीपलीकडे दुपारभर टीव्ही ओरडत असायचा. मला वाटलं, लाज वाटली असेल. मी किती भोळी, बघा.

मोरा वाळत चालली. मी तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तिला तपासलं, रक्त काढलं, काही सापडलं नाही. "हिला आजार नाही," तो म्हणाला. "पण अर्ध्या पोटावर एवढं मोठं कुत्रं कितीसं जगणार? असंच चाललं तर उन्हाळा काही दिसायचा नाही तिला." मी कोकराचं मटण शिजवलं, अंडी दिली, हातानं भरवलं. हातावरचंही अर्धंच खायची. एका दुपारी मी तिच्यासमोर फरशीवर बसून रडले. रडू आलं ते दुःखानं नव्हे. एका मुक्या जनावराला कोणीतरी असं करून ठेवलंय आणि तो माणूस भिंतीपलीकडे टीव्ही बघतोय, या संतापानं.

आवाज रोजचा झाला होता. उंदरांचे सापळे रिकामे. नळाचे पाइप बघून घेतले, ते ठीक होते. मग मी भट्टीवाल्यांची जुनी युक्ती केली. कोण येतं ते कळत नसेल तर पीठ पसरायचं. जेवण झाल्यावर देवडीच्या फरशीवर चाळणीनं पातळ थर चाळला, दार लावून घेतलं, मोराला स्वयंपाकघरात माझ्याजवळ ठेवलं. आवाज आला. मी उठले नाही. थांबेपर्यंत ऐकला. मग दार उघडलं.

पीठ सगळीकडे जसंच्या तसं होतं. येणारी पावलं नव्हती, जाणारी नव्हती. फक्त मधोमध, तुळईच्या बरोबर खाली, ताटलीएवढ्या जागेत पीठ खरवडलेलं होतं. मी गुडघ्यांवर बसून बघितलं. पूर्ण पंजा एकही नव्हता. नुसती बोटांची टोकं आणि नखांच्या रेघा, तीही फक्त मागच्या पायांची. टेकतायत, घसरतायत, पुन्हा टेकायला बघतायत.

दुसऱ्या कोणाला यातून काही कळलं नसतं. मला कळलं. आमच्याकडे नको झालेलं गाल्गो झाडाला टांगतात. ज्यानं इमानानं काम केलं त्याला उंच, म्हणजे लवकर सुटतं. ज्यानं मालकाला मान खाली घालायला लावली त्याला खाली, मागच्या पायांची बोटं जेमतेम जमिनीला लागतील अशा बेतानं. ते तासन् तास बोटं टेकत राहतं. बारमध्ये याला पियानो वाजवणं म्हणतात. म्हणतात आणि हसतात. मी लहानपणापासून ते हसणं ऐकलंय.

मी पिठाच्या हातांनीच अंगणातून त्याच्या घरात घुसले. आणि थबकले. त्यानं घरभर फरशीवर गोधड्या अंथरल्या होत्या. गोधड्या, पोती, आईची जाजमं, जुने कोट. पाय ठेवायला उघडी फरशी नव्हती. टीव्ही छपरापर्यंत घुमत होता आणि तो त्याच्यासमोर जोडे घालून बसला होता. दाढी वाढलेली. मी टीव्ही बंद केला.

"लाव तो," तो म्हणाला. "विसी, लाव."

"तुर्का कुठाय?"

"सांगितलं ना, दिली."

"डोंगराकडं म्हणालास. माझ्या देवडीत कशी आली मग?"

तो गोधडीची कड चाचपायला लागला.

"लबाडी करायला लागली होती ती," तो म्हणाला. "सशाच्या मागे पळायचं ना? ही आडवी जायची. ससा जिथे वळणार तिथे आधीच जाऊन उभी. मोरा बिचारी मागून धावून धावून मरायची आणि ही आयती तोंड घालायची. शर्यतीत, अख्ख्या पंचक्रोशीसमोर. नाक कापलं माझं. सगळे दात काढत होते."

"म्हणून?"

"म्हणून काय? करतात तेच केलं."

"खालच्या फांदीला?"

त्यानं जोड्याची नाडी सोडून पुन्हा बांधली. उत्तर मिळालं मला.

"मोराला पण नेली होती," तो म्हणाला. "दुसरा दोर होता. पण ती नुसती उभी राहून तुर्काकडे बघत होती. आणि तुर्का... वेळ लागत होता. मला नाही बघवलं. मोराला तिथेच सोडली आणि गाडी काढली."

"बघवलं नाही, राजाला. किती हळवा जीव." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मग खाली कधी उतरवलीस?"

"नाही उतरवली."

"फिदे, महिना होऊन गेला."

"गेलो होतो. दोनदा. गाडीतून उतरवेना." मग त्यानं वर बघितलं, आणि मला त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा खरी भीती दिसली. "ती मोरा आली आणि हे आलं, विसी. पलंगाच्या पायथ्याशी नखं वाजतात. तिला परत नेऊन सोड. पाया पडतो तुझ्या. मी काय जन्मभर गोधड्यांवर राहू?"

भीती खरी होती. पण पश्चात्ताप? तो शोधूनही सापडला नसता. अजूनही त्याला स्वतःचीच दया येत होती.

"उद्या सकाळी जाऊ," मी म्हटलं. "तू तिला उतरवशील, खड्डा खणशील, पुरशील. मोरा बघेल. बघितलं की तिची वाट बघणं संपेल आणि ती जेवेल. मग तू इथे टीव्ही बघ नाहीतर नाच."

"मोराला कशाला न्यायचं?"

"तुला कशाला न्यायचं असं विचार. ती माझ्याबरोबरच येणार."

५

सकाळी पाव वाटायला मी भट्टीवरच्या बाईला पाठवलं. ऊन स्वच्छ होतं आणि रात्री दव खूप पडलं होतं. गावाबाहेर जवाचं सपाट शेत आहे, नजर पोचेल तिथपर्यंत. घोट्याएवढा जव, त्यावर पांढरं दव. शेताच्या या टोकाला पाइनच्या झाडांची एक पट्टी आहे. फिदेन्सिओनं फावडं घेतलं होतं. मोराला बांधायला माझ्याकडे धड पट्टा नव्हता, म्हणून त्याच्याच खुंटीवरची जोडदोरी घेतली. जोडदोरी म्हणजे एका दोरीला दोन पट्टे. दोरीचं टोक माणसाच्या मुठीत असतं. मूठ उघडली की दोन्ही पट्टे एकदम उघडतात आणि दोन्ही कुत्री एकाच क्षणी सुटतात.

गाडीतून उतरताना मी एका पट्ट्यात मोराची मान घातली आणि दुसरा पट्टा रिकामाच बंद केला. विचार करून नाही केलं. आम्हा गाल्गोवाल्यांच्या पोरांच्या हातालाच ती सवय असते. रिकामा पट्टा उघडा लोंबकळला तर त्याची कडी शेजारच्या कुत्र्याच्या डोळ्यात जाते, म्हणून तो बंद करायचा. वडिलांनी यासाठी आम्हा दोघांनाही मारलंय.

"ते तिसरं झाड," फिदेन्सिओ म्हणाला आणि फावड्यानं दाखवलं. पुढे मात्र तो मला घालत होता.

फांदीला दोर होता. खाली काही नव्हतं.

मी जवळ गेले. फास घट्ट आवळलेला होता, मुठीएवढा. गाठ जशीच्या तशी. आत अडकलेले पट्टेरी केस वाऱ्यानं हलत होते. पण हाडं नाहीत, कातडं नाही, वास नाही.

"कोल्ह्यांनी नेली," तो म्हणाला.

"गाठ न सोडता?"

"मग तूच सांग."

मी खाली बघितलं. बाकी सगळीकडे पाइनच्या सुयांवर दव होतं. फासाखाली ताटलीएवढी जागा उकरलेली होती आणि तिथली माती ओली, काळी, ताजी होती. त्या सकाळची.

मला अजूनही वाटत होतं की याला काहीतरी साधं कारण असेल. तेवढ्यात माझा हात खांद्यापासून ओढला गेला.

मला वाटलं मोरा. पण मोरा माझ्या उजवीकडे शांत उभी होती, तिच्या बाजूची दोरी सैल होती. ओढलं होतं ते डावीकडून. बंद केलेला रिकामा पट्टा खाली लोंबत नव्हता. तो मोराच्या मानेच्या उंचीवर, तिच्या शेजारी होता. चामडं आतून ताणलं गेलं होतं आणि बक्कल करकरत होतं. त्या पट्ट्यात मला काही दिसलं नाही. पलीकडचं फावडं, फिदेन्सिओचे जोडे, जव, सगळं आरपार दिसत होतं. फक्त पट्टा धापा टाकल्यासारखा आत-बाहेर होत होता, आणि माझ्या मनगटावर ऊन असतानाही गरम, ओला श्वास लागत होता.

मोरानं त्या बाजूला मान वळवली आणि आम्ही दोघी एकदम पुढे खेचल्या गेलो. फिदेन्सिओच्या दिशेनं.

त्यानं पट्टा बघितला. त्याच्या हातातलं फावडं पडलं.

"विसी, धर," तो हळू आवाजात म्हणाला. "धरून ठेव."

"धरलंय. तू हलू नकोस. तिथेच खाली बस."

हे मी मनापासून म्हटलं होतं, तेवढं तरी माझ्याबद्दल लक्षात ठेवा. बसलेल्या सशावर कुत्री सोडायची नाहीत, हा आमच्याकडचा पहिला कायदा. बाप म्हणायचा, बसल्यावर सोडतो तो शिकारी नव्हे, खाटीक. ससा उठून पळायला लागला तरच. आणि पळायला लागला तरी लगेच नाही. त्याला अंतर द्यायचं, तो त्याचा हक्क. फिदेन्सिओला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो नुसता त्या ओल्या मातीवर मांडी घालून बसला असता, तर माझ्या हातून काही झालं नसतं. मी दोन्ही हातांनी धरून त्यांना गाडीपर्यंत ओढत नेलं असतं.

"बस, फिदे. माफी माग तिची आणि बस."

"कुत्रीची?" तो म्हणाला.

इतकं होऊनसुद्धा तो शब्द त्याच्या तोंडून तसाच आला, बारमध्ये यायचा तसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मग तो वळला आणि जवाच्या शेतात पळत सुटला.

दोरीनं माझी बोटं सोलवटली. डावीकडे नखं माती उकरत होती. टकटक नव्हे, आता पूर्ण पंजे टेकलेले, जोर लावणारे. मी टाचा रोवून उभी होते. तो लहान होत गेला. दवात त्याच्यामागे काळी रेघ उमटत होती. मी धरून ठेवलं. बापानं शिकवलं होतं तेवढं अंतर मी त्याला दिलं, एक पाऊलही कमी नाही. त्या वेळात मला फासातले केस दिसत होते, बशीतलं अर्धं अन्न दिसत होतं, मोराच्या मानेवरचा व्रण दिसत होता. राग ओसरेल म्हणून वाट बघितली. तो ओसरला नाही.

चौकीत मी नंतर सांगितलं की दोरी हातातून सुटली. दोरी सुटली नाही. मी मूठ उघडली.

मोरा सरळ त्याच्या मागे गेली, त्याच्याच रेघेवरून, जशी ती आयुष्यभर धावली तशी. दवातली दुसरी रेघ तिच्याबरोबर थोडीच गेली. मग ती फुटली आणि तिरकी, एकटी, शेताच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाली. तिथे बांधाला एक वाट आहे. फिदेन्सिओ अजून तिकडे वळलाही नव्हता. रेघ तिथे पोचली आणि थांबली.

मग तो वळला.

मोरा माझ्या हाकेला परत येते. तिच्यामागे ती दुसरीही आली असती, दोघींची सवयच तशी. मी जवाच्या कडेला उभी होते, हातात दोन उघडे पट्टे घेऊन, आणि हाक मारली नाही.